मशीन नंतर निवडा, आधी पिशवी उघडा

सोलापूरकरांनो, पोस्ट थोडी लांब आहे. पण विषय आपल्या सगळ्यांच्या नाकाखालचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मागच्या आठवड्यात दुकान बंद करताना एक उद्योग केला. नवी पेठेत आमचं कपड्याचं दुकान. रात्री शटर ओढायच्या आधी पोरं दिवसभराचा कचरा एका काळ्या पिशवीत भरून बाहेर ठेवतात. त्या दिवशी ती पिशवी मी मागच्या बाजूला नेऊन पेपरवर ओतली. पोरं हसायला लागली, "मालक, काय हरवलं का?"

हरवलं काही नव्हतं. सापडलं ते सांगतो. शर्टांच्या पॅकिंगच्या प्लॅस्टिक पिशव्या, कॉलरच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, टाचण्या आणि क्लिपा, दोन तुटके हँगर, चहाचे वीसेक कागदी कप. त्यात अर्धा डबा उरलेली भाजी-भाकरी, केळ्याची सालं, एक खराब झालेली ट्यूबलाइटची पट्टी आणि वरून सगळ्यावर सांडलेला उसाचा रस. वजनानं बघितलं तर ओलं जेमतेम दीड किलो. पण त्या दीड किलोनं बाकीचा सगळा माल बरबटून टाकला होता. पुठ्ठा भंगारवाला घेईना, आणि भाजी-भाकरीत टाचण्या. ना हे कामाचं, ना ते.

हे करणारा कोण? मीच. महापालिकेला शिव्या देणारा मी, आणि पिशवी बांधणारे माझ्याच दुकानातले हात.

हे आठवायचं कारण म्हणजे आपल्याकडं कचऱ्याच्या प्रकल्पाची चर्चा कायम एकाच टोकानं सुरू होते. कोणतं मशीन? कोणती टेक्नॉलॉजी? किती मेगावॅट? कुणी इंदूर बघून येतं, कुणी परदेशातला व्हिडिओ फॉरवर्ड करतं, आणि "आपल्याकडं हे का नाही?" अशी पोस्ट पडते. माझं म्हणणं उलटं आहे. मशीन शेवटी ठरतं. आधी ठरतो तो कचरा.

आपल्याकडं आधीच आहे

नव्या पोरांना कदाचित माहीत नसेल, पण ओल्या कचऱ्यापासून गॅस आणि गॅसपासून वीज या बाबतीत सोलापूरचं नाव देशात घेतलं जातं. तुळजापूर रोडला २०१३ च्या सुमारास खाजगी भागीदारीतून प्रकल्प उभा राहिला. क्षमता रोज ४०० टन कचऱ्याची, वीज सुमारे ३ मेगावॅट. पद्धत 'ड्राय', म्हणजे घट्ट कचरा हवाबंद टाकीत कुजवायची. कचऱ्याच्या परिसंवादांत सोलापूरचं उदाहरण देतात आणि आपल्यातले निम्मे लोक त्या रस्त्यानं तुळजापूरला जाताना फक्त नाकाला रुमाल लावतात.

तसा हा प्रकार काही परका नाही. गोबरगॅस आपल्या खेड्यापाड्यांत पन्नास वर्षं आहे. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस केल्याची नोंद आहे. तत्त्व एकच. हवा लागू न देता कुजवलं की सूक्ष्मजंतू ते खातात आणि मिथेन सोडतात. खाली उरतं ते खत. जनावराच्या पोटात जे चालतं तेच टाकीत.

आणि पोटाचा नियम टाकीलाही लागू आहे. जे खाऊ घालाल त्यावर तब्येत.

आधी हिशेब

२०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८. आता साडेअकरा लाख धरू. आपल्यासारख्या शहरात माणशी रोज साधारण ३५० ग्रॅम कचरा धरतात. म्हणजे रोज ४०० टन. त्यात निम्मा ओला, म्हणजे २०० टन.

स्वच्छ ओल्या कचऱ्याच्या एका टनातून ढोबळमानानं १०० घनमीटर बायोगॅस मिळतो. एका घनमीटरातून जवळपास २ युनिट वीज. म्हणजे सगळ्या शहराचा ओला कचरा, एक चमचाही वाया न जाता, अगदी स्वच्छ मिळाला तरी रोज ४० हजार युनिट. ३ मेगावॅटचं यंत्र चोवीस तास पूर्ण ताकदीनं चाललं तर ७२ हजार युनिट लागतात. ४० हजार म्हणजे पावणेदोन मेगावॅटच्याही आत.

याचा अर्थ कुणी खोटं बोललं असा मी काढत नाही. पाटीवर यंत्राची ताकद लिहितात, रोजची वीज नाही. टाकीत कागदासारखा इतर माल पण थोडा पचतो. माझा हिशेब दुकानदाराचा आहे, इंजिनिअरचा नाही. पण एवढं तरी कळतं की "किती मेगावॅट?" हा पहिला प्रश्न असू शकत नाही. पहिला प्रश्न, स्वच्छ ओला कचरा रोज किती टन येणार आणि तो कोण आणून देणार?

हा प्रश्न न विचारल्यामुळं काय होतं ते लखनौनं बघितलं. २००३ च्या सुमारास तिथं ५ मेगावॅटचा मोठा प्रकल्प झाला. तंत्र नावाजलेलं. पण येणाऱ्या कचऱ्यात माती, राडारोडा आणि न पचणारा माल इतका की थोड्याच काळात प्रकल्प बंद. मशीन वाईट नव्हतं. त्याला वाढलेलं ताट वाईट होतं.

पातळ की घट्ट?

आता मशीनकडं येऊ, कारण निवड करायचीच आहे.

ढोबळ दोन जाती. एक 'वेट', म्हणजे कचरा दळून, पाणी घालून आमटीसारखा पातळ करायचा. त्यात घन माल पंधरा टक्क्यांच्या आत. दुसरी 'ड्राय', म्हणजे पिठल्यासारखा घट्ट, घन माल वीस ते चाळीस टक्के. बेल्जियम, फ्रान्स, स्वित्झर्लंडकडं शहरांच्या कचऱ्यासाठी या घट्ट पद्धती तयार झाल्या, त्या याच कारणानं. घरचा कचरा कितीही म्हटलं तरी अगदी स्वच्छ नसतो.

पातळ पद्धतीचा फायदा म्हणजे ती सोपी. पंपानं ढकलता येते, ढवळता येते, गॅस चांगला मिळतो. पण तिला घाण चालत नाही. वाळू तळाला बसते आणि दोन-तीन वर्षांत टाकी निम्मी भरते. प्लॅस्टिक वर तरंगतं आणि त्याची साय धरते. साय धरली की गॅस अडतो, पंप अडकतो. मग टाकी उघडा, माणूस उतरवा. आणि त्या टाकीत माणूस उतरवणं म्हणजे काय हे गटारात जीव गेलेल्यांच्या घरी जाऊन विचारा.

घट्ट पद्धतीला थोडी घाण चालते, पाणी कमी लागतं. पण यंत्रं जड, खर्च जास्त, आणि एकदा बिघडलं की गावातला फिटर दुरुस्त करू शकत नाही.

आता सोलापूरच्या दोन गोष्टी यात घाला.

पहिली पाणी. ज्या गावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, जे गाव उजनीकडं डोळे लावून बसतं, तिथं २०० टन कचरा पातळ करायला रोज तेवढंच पाणी ओतणार का? टाकीतून निघालेलं पाणी परत वापरता येतं हे खरं. पण फिरवून फिरवून त्यात क्षार आणि अमोनिया वाढतो आणि जंतूंना त्रास होतो. त्यामुळं पातळ पद्धत आणायचीच असेल तर तिला पिण्याचं पाणी द्यायचं नाही, देगावच्या मलशुद्धीकरण केंद्रातलं प्रक्रिया केलेलं पाणी द्यायचं, हे टेंडरमध्ये लिहिलेलं असलं पाहिजे.

दुसरी ऊन. आपल्याकडच्या जंतूंना ३५ ते ४० अंश ऊब पुरते. मे महिन्यात ती सोलापुरात फुकट मिळते. ५० ते ५५ अंशांवर चालणारी पद्धत वेगानं पचवते, रोगजंतू जास्त मारते. पण ती नाजूक. तिला वर्षभर तापवावं लागतं, आणि एखाद्या दिवशी खाणं बदललं की लगेच रुसते. जिथं माल रोज एकसारखा येण्याची खात्री नाही तिथं मी सोशिक जंतू पसंत करीन.

आपलं ताट कसं आहे?

सोलापूरचा ओला कचरा म्हणजे एकच ढीग नाही. लक्ष्मी मंडईतला भाजीपाला वेगळा. मार्केट यार्डातला कांदा वेगळा. मंगल कार्यालयातलं उरलेलं जेवण वेगळं. मटण मार्केटचा माल वेगळा. सिद्धेश्वर मंदिराची फुलं, नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या वेगळ्या. रसवंतीची चिपाडं वेगळी.

यातलं काय टाकीत जावं? चिपाडं, करवंट्या, झाडाच्या फांद्या टाकीत पचत नाहीत. त्यांना खताचा खड्डा किंवा भुसा. मटणाच्या मालात प्रथिनं जास्त, तो एकटाच टाकला तर अमोनिया होतो. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं तेल जंतूंना मारक. उरलेलं जेवण भरपूर गॅस देतं, पण लवकर आंबतं. एकदम ओतलं की टाकीला आपल्यासारखीच ॲसिडिटी.

आणि कांदा. हंगामात आपल्या यार्डात शेकडो ट्रक कांदा उतरतो. सडका, फुटका, पाला असा किती निघतो ते यार्डाच्या मागच्या बाजूला उभं राहून बघा. कांद्यात गंधक असतं. गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड येतो, तो साफ नाही केला तर इंजिन खातो. म्हणून काय कांदा सोडायचा? अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्ड गावात गिल्स अनियन्स नावाच्या कांदा प्रक्रिया कंपनीनं २००९ मध्ये कांद्याच्या टाकाऊ मालाचा रस काढून, तो पचवून, गॅसमधून ६०० किलोवॅटची वीज स्वतःच्या कारखान्याला वापरली. त्यांचा माल एकच होता, त्यांना तो पक्का ठाऊक होता, म्हणून जमलं. सोलापूरचं नाव कांद्याच्या बाजारात मोठं आहे. कांद्याच्या टाकाऊ मालावर इथं काय करता येईल याचा विचार यार्डानं नाही करायचा तर कुणी करायचा?

इतरांनी काय केलं?

नाशिकनं २०१७ मध्ये जर्मन सहकार्यातून ३० टनांचा प्रकल्प केला. हॉटेलचा ओला कचरा आणि शौचालयांच्या टाक्यांतला मैला एकत्र. मैल्यातून पाणी मिळतं, जेवणातून ताकद. जोडी चांगली.

पुण्यानं वेगळा मार्ग घेतला. प्रभागाप्रभागांत ५-५ टनांचे बायोगॅस प्रकल्प, पंचवीसच्या आसपास. कल्पना सुंदर. कचरा जिथला तिथं जिरला पाहिजे, हे मलाही पटतं. पण त्यातले बरेच क्षमतेपेक्षा कमी चालले आणि काही बंद पडले. छोट्या प्रकल्पाला जागा मिळते, उद्घाटन मिळतं, पण रोज सकाळी सात वाजता येऊन कचरा तपासणारा माणूस मिळत नाही. प्रकल्प पाच टनांचा असो की पाचशे टनांचा, तो माणूस लागतोच.

इंदूरचं उदाहरण सगळे देतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये ५५० टनांचा बायो-सीएनजी प्रकल्प सुरू झाला. क्षमता रोज १७ टन गॅस, १०० टन खत, आणि गॅस सिटी बसला. पण तिथं आधी कित्येक वर्षं घराघरातून वेगळा कचरा घेतला, मग प्रकल्प आणला. आपण फोटो प्रकल्पाचा काढतो आणि आधीची वर्षं फोटोत येत नाहीत.

आणि लांब कशाला, आपलं वेंगुर्ला बघा. एवढीशी नगरपरिषद. मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथं कचरा वीस-पंचवीस प्रकारांत वेगळा व्हायला लागला, बायोगॅस सुरू झाला, आणि कचरा डेपोच्या जागी लोक फिरायला येऊ लागले. तिथं मशीन फार मोठं नाही. पिशव्या मात्र उघडल्या गेल्या.

मग माझं मत काय?

स्पष्ट सांगतो, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल.

सगळ्या शहरासाठी एकच पद्धत निवडू नका. दोन ताटं करा.

पहिलं ताट स्वच्छ मालाचं. मंडई, मार्केट यार्ड, हॉटेलं, मंगल कार्यालयं, वसतिगृहं. इथं ओला कचरा एकजागी आणि मोठ्या प्रमाणात निघतो. घनकचरा नियमांप्रमाणं रोज १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांवर वेगळी जबाबदारी आहेच. त्यांच्यासाठी वेगळी गाडी, वेगळी वेळ, आणि २०-३० टनांची साधी, पातळ पद्धतीची टाकी. माल वाढला की शेजारी दुसरी टाकी. पहिल्याच दिवशी २०० टनांची नको.

दुसरं ताट घरोघरच्या मालाचं. त्यासाठी घट्ट पद्धत योग्य, आणि ती तुळजापूर रोडला आहे. तिथं जे आहे ते पूर्ण ताकदीनं कसं चालेल, त्यासाठी लागणारा चांगला माल कसा पोचेल, हे नवीन नारळ फोडण्याआधी बघा.

यावर लोक म्हणतील, "अहो, सोलापूरचे लोक कचरा वेगळा करणारच नाहीत, म्हणून मिश्र कचरा खाणारंच मशीन घ्या." मला हे मान्य नाही, पण यात तथ्य नाही असंही म्हणत नाही. लाखो घरांची सवय एका वर्षात बदलणार नाही. म्हणूनच सुरुवात घरांपासून करू नका म्हणतोय. काहीशे मोठ्या ठिकाणांपासून करा. तिथं मोजता येतं, दंड करता येतो, आणि शाबासकी पण देता येते. शिवाय मिश्र कचरा खाणारं मशीनसुद्धा आधी चाळण्या लावून वेगळंच करतं. आपल्या घरात फुकटात होणारं काम आपण तिथं वीज आणि डिझेल जाळून करतो, आणि तरी काचेचे तुकडे खतात येतात. असं खत मोहोळ-बार्शीचा शेतकरी एकदा घेईल, दुसऱ्यांदा नाही.

टेंडर निघेल तेव्हा हे विचारा

कोणत्याही पक्षाचा नगरसेवक असो, कोणतीही कंपनी असो. पाच प्रश्न.

१) रोज किती टन आणि किती स्वच्छ कचरा देण्याची जबाबदारी कुणाची? खराब माल आला तर गाडी परत जाणार का, आणि त्याचा खर्च कुणाच्या खिशातून?

२) पैसे कशाचे देणार? आलेल्या टनांचे, की प्रक्रिया झालेल्या टनांचे? फक्त आलेल्याचे दिले तर ढीग वाढवणं हाच धंदा होतो.

३) गॅसचं काय करणार? वीज केली तर गॅसमधली निम्म्याहून जास्त ऊर्जा उष्णता होऊन जाते. सीएनजी केला तर साफ करायची यंत्रणा महाग, छोट्या प्रमाणात परवडत नाही. रोज ५-१० टन माल असेल तर सरळ जवळच्या मोठ्या स्वयंपाकघराला नळी टाकणं सगळ्यात शहाणपणाचं.

४) टाकीतून निघालेलं खत आणि काळं पाणी कुठं जाणार? हा प्रश्न सगळे विसरतात. शंभर टन माल आत गेला तर बहुतेक वजन दुसऱ्या बाजूनं बाहेर येतं, फक्त रूप बदलून. आंबवलेल्या सेंद्रिय खताला टनाला १५०० रुपये मदतीची योजना केंद्रानं २०२३ मध्ये आणली. पण आधी खत मदत घेण्याच्या लायकीचं पाहिजे.

५) टाकी साफ करायला माणूस उतरणार का? उत्तर 'नाही' असंच पाहिजे, आणि ते लेखी.

यात सहावा प्रश्न माझ्याकडून. आज डेपोवर आणि रस्त्यावर कचरा वेचणाऱ्या बायका आहेत. प्लॅस्टिक, कागद, काच कसं ओळखायचं हे त्यांच्याइतकं या शहरात कुणालाच कळत नाही. नव्या प्रकल्पात त्यांना पगारावर घेणार की गेटबाहेर काढणार?

शेवटी आमची पेठ

त्या रात्रीनंतर दुकानात दोन डबे ठेवलेत. हिरवा आणि निळा. पहिले दोन दिवस पोरांनी हिरव्यात कप टाकले. तिसऱ्या दिवशी मीच टाकला, सवयीनं. सगळे हसले. आता बऱ्यापैकी बसलंय. पुठ्ठा भंगारवाला घेऊन जातो, त्याच्या पैशातून पोरांचा संध्याकाळचा चहा निघतो. ओला माल रोज दीड-दोन किलो, वेगळा आणि कोरडा न लागलेला.

नवी पेठेतल्या व्यापारी मित्रांना जाहीर विनंती करतो. आपल्या पेठेत बहुतेक माल सुकाच निघतो. ओला निघतो तो आपल्या डब्यांतला आणि खाऊच्या गाड्यांवरचा. आपण फक्त तो सुक्याला लागू दिला नाही तरी निम्मं काम झालं. गाडीवाल्यांशी मी बोलतोय, त्यांचं म्हणणं एवढंच आहे, "आमचा डबा रात्री अकराला भरतो, घंटागाडी सकाळी येते, रातभर कुठं ठेवायचा?" प्रश्न रास्त आहे. रात्रीची एक फेरी फक्त ओल्यासाठी मिळावी, अशी मागणी आपण सगळ्यांनी मिळून सह्या करून द्यायची का? मी सह्यांचा कागद दुकानात ठेवतो. शनिवारपर्यंत येऊन सही करा.

आणि ज्यांना माझा हिशेब चुकला वाटतो त्यांनी खाली लिहा. आकडे घेऊन लिहा, मी बदलायला तयार आहे. फक्त लिहायच्या आधी एकदा घरची पिशवी उघडून बघा.